झोपून केलेला करार

आमच्या गल्लीतल्या खाटकाने देवाशी करार करायचं ठरवलं, तेव्हा त्याने आधी बाजारभाव काढला.

म्हणजे असं, की पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन तो दुकानाच्या ओट्यावर बसला आणि देवाने आजवर कोणाशी काय काय ठरवलं होतं, ते एखाद्या बेरक्या गिऱ्हाइकासारखं दाबून, उलटून, वास घेऊन पाहिलं. नोहाचा करार त्याला पहिल्या झटक्यात नापसंत पडला. पुन्हा जलप्रलय आणणार नाही हे देवाचं वचन खरं, पण ते सगळ्यांना, म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या खाटकालाही. ज्या सवलतीत शेजारी येतो ती कसली सवलत? मोशेचा करार त्याने बोटांवर घेतला आणि दोन्ही हातांची बोटं संपली तसा हात झटकला. खोटं बोलू नकोस, शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नकोस. ही कलमं पाळून कोणी मांसाचं दुकान चालवून दाखवावं. सुंतेचा करार तर त्याने अर्ध्यावरच सोडला. धारदार पातं दुसऱ्याच्या हातात आणि आपण आडवे, हे त्याच्या धंद्यातल्या माणसाला सोसणारं नव्हतं. दाविदाला देवाने पिढ्यान्‌पिढ्यांची गादी दिली हे वाचून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, पण दाविदाच्या पोरांनी त्या गादीवर काय दिवे लावले ते वाचून ते आटलं. राहता राहिला नवा करार. तो फुकट आहे असं चर्चचे पाळकसाहेब दर रविवारी सांगत, आणि लगेच पुढच्या वाक्यात शत्रूला क्षमा करायला सांगत. खाटीक म्हणाला, वरून फुकट आणि आत हाडंच हाडं, हे तर मी स्वतः गिऱ्हाइकांना बांधून देतो.

आणि मग त्याला अब्राहाम सापडला.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, त्या जुन्या काळी करार लिहीत नसत, कापत. जनावर उभं चिरायचं, दोन अर्धे समोरासमोर ठेवायचे, आणि ज्याला शब्द द्यायचा त्याने त्या दोन अर्ध्यांमधून चालत जायचं. अर्थ असा, की मी शब्द मोडला तर माझंही असंच करा. रीत चांगली होती. आजकाल चिरायचं सोडून दिल्यामुळे शब्द फार स्वस्त झालाय. तर अब्राहामाला देवाने जनावरं आणायला सांगितली, त्याने ती चिरून मांडली, दिवस मावळला आणि म्हाताऱ्याला गाढ झोप लागली. त्या अंधारात एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल त्या तुकड्यांमधून निघून गेली. तो देव. देव एकटाच चालला. अब्राहाम बाजूला पडून होता. बांधला गेला तो देव आणि पोटी पोरगा झाला तो अब्राहामाला.

खाटकाने ही गोष्ट वाचली आणि मांडीवर थाप मारली. एवढ्या मोठ्या ग्रंथात एकच शहाणा माणूस निघाला, तो म्हणाला, आणि तोही झोपलेला.

आता या माणसाला पोरगा कशाला हवा होता, ते ऐका. दुकान त्याच्या आज्याचं. एके काळी हा स्वतःही मोठा कसबी होता. त्याचा आवाज असा, की 'या' म्हटलं की बोकड आपण होऊन मान ओंडक्यावर ठेवायचे आणि गिऱ्हाइकं पाकिटं. दोघांमध्ये फरक असा, की बोकड निदान ओरडायचे. पण पुढे त्याचं उजवं मनगट थरथरायला लागलं. एकदा त्याने बरगडीवर मारलेला घाव शेजारच्या शिंप्याच्या खिडकीत गेला. तेव्हापासून सातूर आला त्याच्या मुलीच्या हातात. एकुलती एक मुलगी. गल्लीत तिला सुरी म्हणत, आणि ते नाव तिच्या हातावरून पडलं की जिभेवरून, यावर दोन मतं होती. सुरी सांध्यावर पातं ठेवायची आणि जनावर जणू वाटच पाहत असल्यासारखं सुटं व्हायचं. पहाटे माल उतरवायची ती, चिरायची ती, रात्री ओंडका मिठाने घासायची ती. बाप गल्ल्यामागे बसून 'आमचं दुकान' म्हणायचा.

तिच्या हाती सातूर दिला त्या दिवशी बाप म्हणाला होता, "पोरी, हे सगळं तुझंच." त्या एका वाक्यावर सुरीने आलेली चांगली चांगली स्थळं परत पाठवली. तिशी ओलांडली. मग एक दिवस तिने साधं विचारलं, बाबा, दुकान माझ्या नावावर कधी करताय? तर बाप दचकला, जणू हुकावरचा बोकड बोलला. म्हणाला, मी तसं म्हणालो होतो, पण ते प्रेमाने. जगात कुठल्या पाटीवर 'आणि मुलगी' असं लिहिलेलं पाहिलंयस का? पाटीवर 'आणि मुलगा' असतं. मुलगा नसेल तर मिळवायला हवा.

पासष्टीच्या पुढचा माणूस, बायको साठीला टेकलेली. ही बातमी बायकोला कळली ती पडद्यामागे कपड्यांच्या घड्या घालताना. ती हसली. साधंसुधं नाही. घडी सोडून खाली बसली, मग आडवी झाली, मग तिला पाणी द्यावं लागलं. खाटकाचा चेहरा उजळला. म्हणाला, हेच, अगदी हेच, म्हातारपणी पोर होणार ऐकून अब्राहामाची सारासुद्धा अशीच हसली होती.

"सारेला देवाने विचारलं तरी होतं," बायको डोळे पुसत म्हणाली. "मला तुम्ही विचारलंत का?"

याला उत्तर द्यायची त्याला गरज वाटली नाही. करार देवाशी व्हायचा होता. बायको ही त्यात पुढची व्यवस्था होती.

त्याने पाळकसाहेबांना गाठलं. पाळकसाहेब विद्वान होते. त्यांना तीन मेलेल्या भाषा येत आणि जिवंत माणसाला नाही म्हणणं एकाही भाषेत येत नसे, निदान ज्याच्याकडून आठवड्याची कलेजी घरपोच येते अशा माणसाला तर नाहीच. ते आधी म्हणाले, हे असं आपण करत नाही. मग म्हणाले, अगदीच मना केलेलंही नाही. शेवटी म्हणाले, साक्षीदार हवेत. साक्षीदार म्हणून चर्चच्या मंडळीतले दोन वडीलधारे ठरले. एक शवपेट्या करणारा सुतार; हा कोणालाही भेटला की आधी डोक्यापासून पायापर्यंत नजरेने माप घ्यायचा. दुसरा घड्याळजी, याच्या दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत आणि तो म्हणे, प्रभूचं येणं कोणत्या घटकेला होईल कोणी सांगावं, आपण सगळ्यांची तयारी ठेवलेली बरी.

पाळकसाहेबांनी एकच अडचण काढली. देव चालणार, शब्द देव देणार, सगळं खरं. पण आपल्या बाजूनेही तोंडाने काहीतरी द्यायला हवं, नाहीतर ते करारासारखं दिसत नाही. खाटकाने जरा विचार केला. देण्यासारखं पण जाणार नाही असं काय आहे? मग त्याला सुचलं. म्हणाला, दुकान देतो. या तुकड्यांमधून जो जाईल त्याचं हे दुकान, आणि मी त्याचा नोकर. पाळकसाहेबांचे डोळे पाणावले. खाटकाचेही पाणावले, पण मनात त्याचा हिशोब चोख होता: देव काही सकाळी शटर उघडायला येत नाही.

मांडणी शनिवारी संध्याकाळी झाली. शास्त्रात कालवड, शेळी आणि मेंढा सांगितलाय, प्रत्येक तीन वर्षांचा, वर होला आणि पारव्याचं पिलू. कालवड खाटकाने भाव ऐकूनच वगळली. अब्राहामाच्या काळी भाव कमी असणार, देवाला कळतं. शेळीच्या जागी बोकड घेतला. मेंढ्याच्या जागी एक मेंढी आणली, ती इतकी म्हातारी की बहुधा नोहाच्या तारवातूनच उतरली असावी. ती तीन वर्षांची आहे असं त्याने देवाला सांगितलं, कारण तो सगळ्यांना तसंच सांगायचा. होल्याऐवजी कोंबडी. पारवा मात्र खरा होता, तो घड्याळजीच्या छपरावरून चुकून आला होता.

चिरलं अर्थातच सुरीने. कशासाठी चिरतेय हे तिला माहीत होतं. आपलं दुकान काढून घ्यायला येणाऱ्या पोरासाठी ती पाठीच्या कण्यावरून सरळ पातं उतरवत होती, आणि दोन्ही अर्धे असे बरोबर झाले की तराजूला भांडण उरलं नाही. बापाने तिला शाबासकी दिली. तिने फक्त विचारलं, खाणावळीची पायांची ऑर्डर आहे, अंगणात बसून पाय भाजू का? बाप म्हणाला, भाज, पण आत येऊ नकोस, मुलीबाळींचं काम नाही.

दुकान तसं लांबुडकं. मागे अंगणाचं दार, पुढे ओटा आणि शटर. अर्धे मांडले ते मागच्या दारापासून ओट्यापर्यंत, दोन्ही भिंतींना लागून, मधे एका माणसापुरती वाट. शटर खाली ओढलं. दिवे मालवले. पाळकसाहेब मांस तोडायच्या ओंडक्यावर वर्तमानपत्र अंथरून बसले. सुतार स्टुलावर. घड्याळजीच्या हातात टॉवेल दिला, कारण अब्राहामाने तुकड्यांवर झडप घालणारी गिधाडं हाकलली होती आणि आमच्याकडे त्या तोडीच्या माशा होत्या. बायको ओट्यामागे अंधारातच भाजी निवडत बसली. तिला जा म्हणाले तर ती म्हणाली, पोर मला व्हायचंय, मला बघू दे.

खाटकाने मोठ्या आवाजात, जुन्या आवाजात, आपले शब्द उच्चारले. मला मुलगा दे. या तुकड्यांमधून जो जाईल त्याचं हे दुकान, मी त्याचा नोकर. पाळकसाहेबांनी तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा तर तो असा गर्जला की अंगणात सुरीच्या हातातला चिमटा थांबला.

मग खाटीक गोणपाटावर आडवा झाला आणि झोपला. म्हणजे झोपलेला दिसला. घोरण्याचा आवाज त्याने सुरुवातीलाच काढला, त्यामुळे कोणी फसलं नाही. एक डोळा अर्धा उघडा ठेवला होता. ज्याला आयुष्यभर तराजूच्या काट्यावर डोळा ठेवायची सवय, तो देवावरही ठेवणारच.

आता अंगणात काय झालं ते बघा. पाय भाजायचे म्हणजे त्यांवरचे केस जाळायचे. त्यासाठी सुरीकडे कड्यांची लोखंडी शेगडी होती, कोळशांनी भरलेली, जळक्या केसांचा पिवळट धूर सोडणारी. आणि खुरांच्या बेचक्यात ज्योत घालायला तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा पलिता. पाय भाजून झाले. ते धुवायचा नळ पुढे, ओट्याशेजारी. अंगणातून गल्लीत उतरून, वळसा घालून, शटर ठोठावून पुढे येता आलं असतं. एरवी शेगडी अंगणातच ठेवली असती. पलिता तर विझवलाच असता. पण एका हाताने शेगडी उचलून, दुसऱ्या हातात पेटता पलिता धरून, पायांची पाटी डोक्यावर ठेवून सुरीने मागचं दार खांद्याने ढकललं आणि ती बापाने मोकळ्या ठेवलेल्या वाटेने चालू लागली.

सावकाश चालली. डावीकडे बोकडाचा अर्धा, उजवीकडे अर्धा. मग मेंढी. दुकानभर धूर झाला आणि त्या धुरातून ज्योत तरंगत पुढे सरकू लागली. सुताराने गुडघे टेकले. घड्याळजीने टॉवेल स्वतःच्याच तोंडावर घेतला आणि जमिनीला कपाळ लावलं; माशांनी ती संधी साधली. पाळकसाहेबांनी तिन्ही मेलेल्या भाषांतून काहीतरी पुटपुटलं आणि एक ठिणगी वर्तमानपत्रावर पडली तेव्हा पाय वर घेतले. खाटकाचं घोरणं बंद झालं आणि उघड्या अर्ध्या डोळ्यातून आसवं गळू लागली.

सुरी ओट्यापाशी पोचली. शेगडी खाली ठेवली, पलिता बादलीत बुडवला, पाटी नळाखाली ठेवली आणि दिव्याचं बटण दाबलं.

"तो आला होता," खाटीक उठून बसत म्हणाला.

"मी आले होते," सुरी म्हणाली.

ओट्यामागे बायको पुन्हा हसायला लागली.

मग जे झालं ते ज्याने माणसांना साक्ष देताना पाहिलंय त्याला नवीन नाही. खाटीक संतापला. म्हणाला, कार्टी पवित्र गोष्टीत तोंड घालते. तूच आली असशील तर देव कुठे होता? त्याने एकेकाला विचारलं. सुतार म्हणाला, मी देव पाहिला, साधारण सात फूट लांब, खांद्यात रुंद. घड्याळजी म्हणाला, मी पंख पाहिले. टॉवेलातून? टॉवेलातून तर अधिकच स्पष्ट. पाळकसाहेब डोळे मिटून म्हणाले, मुली, आम्ही जे पाहिलं ते तुझ्या डोळ्यांनी पाहणं शक्य नव्हतं. या एकाच वाक्यात ते त्या दिवशी खरं बोलले.

सुरीने एकेकाकडे पाहिलं. कितीतरी वर्षं तिने या लोकांच्या घरी मांस पोचवलं होतं, आणि तिची शेगडी अजून त्यांच्या नाकापुढे धुमसत होती. तिच्या हातातली इतक्या वर्षांची मेहनत, परत पाठवलेली स्थळं, बापाचा तो प्रेमाने दिलेला शब्द, सगळं त्या धुरात निघून चाललं होतं. ती नळाखाली एक एक पाय खरवडून धुऊ लागली. बापाला वाटलं, मिटलं.

"बरं," ती मान वर न करता म्हणाली. "देवच गेला असं धरा. मग दुकान कोणाचं झालं?"

पाळकसाहेबांचे मिटलेले डोळे उघडले. पूर्ण उघडले. इतकी वर्षं ते या दुकानात येत होते, पण दुकान त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. ओटा पाहिला. थंड खोलीचं जाड दार पाहिलं. छत किती उंच आहे ते पाहिलं.

"देवाचं," ते हळूच म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "आणि देवाचं जे आहे ते मंडळी सांभाळते."

सुतार गुडघ्यांवरून उठला. त्याने विचारलं, ती थंड खोली किती लांबीची? त्याच्या धंद्यात उन्हाळ्यात फार पंचाईत होते, एखाद्याचे नातेवाईक दूरगावाहून यायचे असतात. घड्याळजी म्हणाला, पुढची बाजू मला द्या, घड्याळं मांडायला उजेड चांगला आहे. पाळकसाहेब म्हणाले, ते सगळं प्रार्थनेने ठरवू. पण वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीने ते काहीतरी आखत होते आणि त्यात ओटा नव्हता.

खाटीक आधी हसला. कोणी साथ दिली नाही. मग त्याने समजावून पाहिलं, की दुकान देतो म्हणजे तसं नव्हे, ते एक आपलं बोलणं होतं.

"तीनदा," पाळकसाहेब म्हणाले.

"भावनेच्या भरात."

"दोन साक्षीदारांपुढे आणि माझ्यापुढे. आणि घाबरता कशाला? नोकर राहतो म्हणालात ना, राहा. पहाटे यायचं, झाडायचं. मुलगा झाला की त्यालाही कामाला ठेवू."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे खाटीक. तो एकदा पाळकसाहेबांकडे बघे, एकदा मुलीकडे. देव चालला म्हणावं तर आज्याचं दुकान मंडळीच्या घशात. मुलगी चालली म्हणावं तर दुकान मुलीचं. मी या माणसाला पुष्कळ वर्षं ओळखत होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या मनात दोन विचार आल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं. त्या दिवशी आले, एकदमच आले, आणि त्याच्या कपाळावरची शीर त्या गर्दीने थडथडू लागली. त्याला मुलीचं प्रेम आठवलं का? नाही. न्याय आठवला का? त्याच्याकडे तो माल कधी आलाच नव्हता. त्याला एवढंच दिसलं, की उद्या या ओट्यामागे पाळकसाहेब बसतील आणि वजनाला बोट लावतील.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "देव गमबूट घालतो का?"

पाळकसाहेब म्हणाले, काय?

"निळे. टाचेला ठिगळ लावलेले. माझ्या डोळ्यासमोरून गेले, हे एवढ्या अंतरावरून. ठिगळ मीच लावून आणलं होतं."

"तुम्ही आत्ता म्हणालात देव होता."

"तेव्हा डोळा अर्धा उघडा होता. अर्ध्या डोळ्याला देव दिसतो. आता दोन्ही उघडलेत."

पाळकसाहेब सहजासहजी माघार घेणारे नव्हते. तेही उभे राहिले. म्हणाले, मुलगी चालली असेल तर ती कपटाने चालली, आणि कपटाने घडवलेला करार बाद. यावर ओट्यामागून बायको बोलली. हातातली भाजी बाजूला ठेवून तिने अगदी नम्रपणे विचारलं, की ते गिबोनाचे लोक, शिळ्या बुरशीच्या भाकरी आणि फाटके जोडे दाखवून आम्ही फार दूरचे आहोत म्हणाले आणि यहोशवाकडून शपथ काढून घेतली, त्यांचं पुढे काय झालं? शेजारच्याच गावचे निघाले ना? मग यहोशवाने शपथ मोडली का? गेल्याच महिन्यात तुम्ही त्यावर तासभर बोललात, माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून लक्षात आहे.

पाळकसाहेबांना ते प्रवचन आठवलं. चांगलं झालं होतं. शपथ ती शपथ, फसून दिली तरी शपथ, असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठही आपटली होती. मग त्यांच्या विद्वत्तेला शेवटची एक फट दिसली आणि त्यात त्यांनी बोट घातलं.

"ठीक," ते सुरीला म्हणाले. "चाललीस तू. मग शब्दही तुझा झाला. तुझ्या बापाने मुलगा मागितला. जो मधून जातो त्याने मागितलेलं द्यायचं. नाही दिलं, तर त्याचं या जनावरांसारखं करायचं. हे आहे शास्त्र. देतेस मुलगा?"

खाटकाने मुलीकडे पाहिलं. सुताराने, सवयीने, तिच्या उंचीचा अंदाज घेतला.

सुरीने हात पुसले. भिंतीवरचा सातूर काढला आणि मूठ पुढे करून ओट्यावर ठेवला.

"नाही देत," ती म्हणाली. "मोडला शब्द. करा माझं असं. कण्यावरून सरळ उतरवायचं, दोन्ही अर्धे सारखे आले पाहिजेत. कोण करतंय?"

पाळकसाहेबांनी सातुराकडे पाहिलं आणि मग छताकडे. सुतार म्हणाला, माझं काम नंतरचं असतं. घड्याळजीने किती वाजले ते पाहिलं. त्याच्या मनगटावरच्या घड्याळानुसार त्याला निघायला केव्हाच उशीर झाला होता. राहिला बाप. त्याने सातुराच्या मुठीवर हात ठेवला, का ठेवला ते देव जाणे, बहुधा सवयीने. मनगट थरथरू लागलं. पातं ओट्याच्या फरशीवर टकटक टकटक वाजलं. त्याने हात काढून घेतला आणि तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"तिचं आहे," तो म्हणाला.

काय तिचं, असं पाळकसाहेबांनी विचारलं, कारण विद्वान माणसाला शेवटपर्यंत खुलासा लागतो.

"दुकान तिचं. ती गेली मधून. मी पाहिलं. आता जा तुम्ही."

ते गेले. शटर अर्धंच वर केलं होतं, त्यामुळे तिघांनाही वाकून जावं लागलं, आणि वाकताना पाळकसाहेबांनी मंडळीच्या पुढच्या बैठकीत हा विषय निघेल असं सांगितलं. तो निघाला नाही. पुढल्या रविवारी त्यांनी भट्टी आणि मशालीवर प्रवचन दिलं, त्यात देव चालला, अब्राहाम झोपला, आणि मंडळी भारावून गेली. सुतार तर मान डोलवून शेजाऱ्याला सांगत होता, मी असलं डोळ्यांनी पाहिलंय.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी दुकानात तिघंच उरले. बायको निवडलेली भाजी घेऊन आत निघाली, जाता जाता नवऱ्याला म्हणाली, झोप पुरी झाली असेल तर हातपाय धुऊन घ्या. खाटीक तुकड्यांमधल्या वाटेत उभा होता. दोन्हीकडे त्याचा बोकड, त्याची मेंढी, आणि मधे तो. कोणाचा नोकर, कशाचा मालक, ते अजून त्याच्या अंगवळणी पडायचं होतं. अशा वेळी माणूस काहीतरी मोठं बोलतो अशी आपली समजूत असते. खाटकाकडे मोठं असं काही नव्हतंच.

सुरीने खाली वाकून बोकडाच्या एका अर्ध्याला हात घातला.

"बाबा, दुसरा तुम्ही उचला. जमिनीवर फार वेळ राहिला, बाहेरची बाजू खरवडून कुत्र्यांना घालू, बाकीचा धुऊन टांगू."

त्याने दोन्ही हात खाली घातले. मनगट थरथरत होतं, पण अर्धा बोकड उचलायला कसब लागत नाही, पाठ लागते, आणि ती त्याची अजून शाबूत होती. खांद्यावर घेऊन तो थंड खोलीच्या दारापर्यंत गेला. आज्याने ठोकलेले हुक रांगेने लटकत होते. पोरवयापासून तो डोळे मिटून त्यांवर माल अडकवत आला होता.

तो दारातच थांबला आणि मागे वळला.

"कुठल्या हुकाला लावू?" त्याने विचारलं.

सुरीने त्याला हूक दाखवला.